भावाच्या वाट्याचं गाणं

मी इटालियन ऑपेरा ऐकतो. एकच ऐकतो, आणि दोन वर्षं झाली, तोच ऐकतो. खासबागेतल्या आमच्या भजनी मंडळात हे कळलं त्या गुरुवारी बुवांनी टाळ मांडीवर ठेवले आणि मला विचारलं, "पेटीवाले, घरात समदं बरं हाय न्हवं?"

तबलजी त्यांच्या पुढचा. तो म्हणाला, "अण्णा, आपल्याकडं मराठी का कन्नड एवढं एक भांडण पुरत न्हाय व्हय? त्यात आणि इटालियन आणलास?"

सगळे हसले, मीही हसलो. मग विचारलं, "तुमच्यातल्या एकानं तरी पाच मिनिटं ऐकलंय काय?" कुणीच ऐकलं नव्हतं. "मग आधी ऐका आणि मग हसा," म्हणालो आणि पेटीवर हात ठेवला.

पन्नाशी ओलांडलेल्या, उद्यमबागेतल्या कारखान्यात कास्टिंगची मापं तपासणाऱ्या, विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसानं काय ऐकायचं हे जणू आधीच ठरलेलं असतं. मी ते मानत नाही. पण लिहायला बसलोय ते त्यासाठी नाही. त्या ऑपेरामुळे मला माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, एक गोष्ट सांगावी लागली. ती मी तीस वर्षं दडवली होती. माझ्या खोटेपणामुळे तिचं जमत आलेलं लग्न मोडलं आणि पुन्हा कधी जमलं नाही. हे तिला माहीत नव्हतं. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

सुरुवात कानांपासून झाली. लहानपण मागाच्या खडखडाटात गेलं, नोकरी मशिन शॉपमध्ये. कान कधी गेले ते कळलंच नाही. पेटी वाजवताना मी बुवांच्या पुढं पळायला लागलो तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की जाड आवाज तुम्हाला बरे येतात, बारीक आणि वरचे आवाज गेलेत. कानाचं यंत्र बसवा. मी बसवलं नाही. लाज वाटली. त्याऐवजी जेवणाच्या सुट्टीत, मशिनं बंद असताना, डबा खाता खाता फोनची वायर कानात घालून जुनी नाट्यपदं ऐकायला लागलो. मनात म्हटलं, कानाला सवय होईल.

एका दुपारी पद संपलं आणि फोननं आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावलं. बंद करायला हात चिकट होते, चटणीचे. तोवर एक पुरुष गायला लागला. जाड, भरीव आवाज, माझ्या कानांना सोसेल असा. आधी वाटलं तो तक्रार करतोय. मग वाटलं, नाही, गयावया करतोय. मग त्यानं एक सूर वर नेला, तिथं धरला आणि हळूहळू सोडून दिला, आणि मला कळलं की हा माणूस कुणाशी तरी खोटं बोललेला आहे. कसं कळलं ते सांगता येत नाही. खोटं बोलून वर्षानुवर्षं गप्प बसलेल्याला दुसऱ्याचा तसला आवाज ओळखू येतो, एवढंच म्हणतो.

त्या ऑपेराचं नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. तो प्रसिद्ध नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांच्या याद्यांमध्ये मी तो शोधला, सापडला नाही. असू दे. पूर्ण प्रयोग फोनवर मिळाला, खाली इंग्रजी ओळी होत्या. माझं इंग्रजी ड्रॉइंगपुरतं. पण आमच्या शॉपमध्ये परदेशी पार्टची ड्रॉइंग येतात, त्यांच्यावरची अक्षरं मला कळत नाहीत, तरी रेषा आणि आकडे बघून तो पार्ट कुठं बसणार आहे हे मी सांगू शकतो. तसंच केलं. एक ओळ, थांबवायचं, शब्दकोश बघायचा, तपासणीच्या वहीत मागच्या पानावर मराठीत लिहायचं. सगळी कथा उतरवायला तीन आठवड्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या लागल्या.

कथा साधी आहे. तळ्याकाठी एक गाव. भाऊ आणि बहीण. बहिणीला मागणी घालायला एक शिपाई आपली अंगठी पाठवतो. अंगठी भावाच्या हाती पडते. बहीण गेली तर तिच्या नावावरचं घर आणि तळं दोन्ही हातचं जाणार असतं, म्हणून भाऊ अंगठी लपवतो आणि सांगतो, कुणीच आलं नाही. ती खिडकीत वाट बघत राहते. वर्षं जातात. शेवटच्या अंकाआधी भाऊ तिच्या बंद दारासमोर उभा राहून गातो. माझ्या कानात त्या दुपारी शिरलं ते हे गाणं. शेवटी तिला सगळं कळतं. असल्या ऑपेरात बाई बहुतेक मरते किंवा वेडी होते, असं मी नंतर वाचलं. ही मरत नाही. अंगठी पाण्यात टाकते आणि उभी राहते. कदाचित म्हणूनच लोकांना तो आवडला नसेल. मला नेमकं तेच आवडलं.

आणि संगीत! वाद्यं मागं ढुम-चक-चक करत असतात, वरातीच्या बँडसारखी, आणि पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं. पण त्या साध्या ठेक्यावर आवाजाला मोकळं रान मिळतं. आधी संथ चाल, विलंबितासारखी, मग कुणीतरी बातमी घेऊन येतं आणि तोच माणूस द्रुतात उसळतो. हे आपल्या कानाला परकं नाही. परकं होतं ते दुसऱ्या अंकातलं दोघांचं गाणं. आपल्या नाटकात एकाचं पद संपल्यावर दुसरा गातो. इथं भाऊ आणि बहीण एकाच वेळी गातात. तो म्हणतो कळू नये, ती म्हणते कळू दे, आणि सूर मात्र एकमेकांत बसलेले. हे मी शंभरदा ऐकलं असेल. पण खरं सांगायचं तर त्यात मी भावालाच ऐकत होतो. तिचा आवाज माझ्या कानांना भिंतीपलीकडून आल्यासारखा यायचा. त्याचं गाणं आलं की मात्र मी शॉपबाहेरच्या झाडाखाली बसून रडायचो, आणि रडून झाल्यावर बरं वाटायचं.

आता माझं सांगतो.

मी बावीसचा होतो, आक्का चोवीसची. घरात दोन हातमाग होते, एकावर वडील आणि एकावर ती. तिनं विणलेल्या साडीच्या काठाला शहापूरच्या पेठेत मागणी होती. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. निपाणीहून तिला मागणी आली. मुलगा तंबाखूच्या वखारीत कारकून, बघून गेला होता, आक्काला आवडला होता. ती तसं म्हणाली नव्हती, पण तो येऊन गेल्यावर मागावर तिचा धोटा वेगळाच पळत होता. वडिलांनी दोन्ही पत्रिका माझ्या हातात दिल्या आणि ज्योतिषांकडे पाठवलं, कारण घरात शिकलेला मी.

मी ज्योतिषांकडे गेलोच नाही. अनगोळच्या रस्त्याला एका हॉटेलात दोन तास चहा पीत बसलो. आक्का गेली की तिच्या मागावर कोण बसणार, ह्याचं उत्तर मला माहीत होतं. शिक्षण सोडून मी. घरी येऊन सांगितलं, "जुळत नाही म्हणाले." वडिलांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला दाखवून बघू." तेव्हा मी आणखी एक वाक्य बोललो. "तिच्या पत्रिकेतच मोठा दोष हाय म्हणाले. ही पत्रिका पुन्हा कुणाला दाखवू नका, असं सांगितलंय."

पहिलं खोटं मी भीतीपोटी बोललो. दुसरं हुशारीनं बोललो. वडिलांनी पत्रिका ट्रंकेत ठेवली आणि पुन्हा काढली नाही. गोष्ट भावकीत पसरली. पुढं मागण्या आल्या त्या पत्रिका मागून परत गेल्या. मी पास झालो, उद्यमबागेत लागलो, माझं लग्न झालं. हातमाग जाऊन पॉवरलूम आले, आक्का त्यांच्यावर उभी राहिली. आणि भावकीत कुठंही हळद असली की बायका तिला हळूच उठवायच्या. हळद सवाष्णींनी लावायची, हे एक वेळ समजू. पण तिला त्या खोलीतही बसू देत नसत. दोष असलेल्या बाईची सावली नको. आक्का मुकाट्यानं उठायची आणि मागं भांड्यांकडे जायची. हे मी चार-पाच लग्नांत डोळ्यांनी बघितलं आणि बाहेर जाऊन मांडवाच्या दोऱ्या तपासल्या.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तेव्हा मी पहिल्यांदा बायकोला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "अहो, तीस वर्षं गप्प बसलात, आणखी दोन महिने बसा की. पोरीचं लग्न होऊ दे. त्या ऑपेरात काय बघितलासा आणि हे डोक्यात घेतलासा?"

"ऑपेरात हेच बघितलं," मी म्हणालो.

"मग बघू नका."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईला मुलीची काळजी. पण 'बघू नका' हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी कानाचं यंत्र बसवून घेतलं आणि दुपारी पुन्हा तेच दोघांचं गाणं लावलं. बहिणीचा आवाज पहिल्यांदा पूर्ण आला. मी समजत होतो ती विनवणी करतेय. ती विनवत नव्हती, जाब विचारत होती. भाऊ सूर लांबवतो तिथं ती त्याच्यावरून जाते, धार लावल्यासारखी. सव्वा वर्ष मी अर्धाच ऑपेरा ऐकला होता, आणि अर्धा म्हणजे कुणाचा, ते कळल्यावर झाडाखाली रडायला आलं नाही. लाज वाटली.

रविवारी दुपारी वीज गेली. आमच्या घरात वीज गेली तरच शांतता होते. लूम थांबले, आक्का उंबऱ्यावर पदरानं तोंड पुसत बसली. मी फोन घेऊन शेजारी बसलो.

"काय ऐकालास रं सारखं?" तिनं विचारलं.

मी तिला लावून दिलं. कथा सांगत गेलो, अंगठीची, खिडकीची. ती नीट ऐकत होती. वाद्यं आली तेव्हा म्हणाली, "बँडवाले बरे हायेत." बहिणीच्या गाण्याला म्हणाली, "दमाची हाय बाई." मग भावाचं गाणं आलं, माझं गाणं.  ते संपल्यावर म्हणाली, "ह्याला एवढं चांगलं गाणं कशाला दिलंय?"

"का गं?"

"समद्यात चांगली चाल त्याला. केलं त्यानं, भोगलं तिनं, आणि ऐकणाऱ्याचं काळीज तुटायचं त्याच्यासाठी. दारासमोर गाऊन काय होतंय? दार वाजवायला काय झालतं?"

सव्वा वर्ष ऐकून, वह्या भरून मला जे कळलं नव्हतं ते तिनं एका बैठकीत सांगितलं. फोन बंद केला आणि मी तिला सांगितलं. हॉटेलातला चहा, वडिलांना काय बोललो ते, पहिलं वाक्य आणि दुसरंही. सांगताना रडायचं नाही एवढं ठरवलं होतं, ते जमलं.

 आक्कानं एकच विचारलं, "दोष न्हवताच?"

"कुणाला दाखवलीच नव्हती पत्रिका."

तेवढ्यात वीज आली. ती उठली, आत गेली आणि दोन्ही लूम सुरू केले. त्या आवाजात काही बोलता येत नाही, हे तिला आणि मलाही माहीत होतं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी कामावर निघताना दारात आडवी आली.

"हळदीला सांगायचं," म्हणाली. "समद्या बायकांसमोर. मी तिथं बसलेली असताना."

"सांगतो."

बायकोनं हात जोडले. व्याही मंडळी काय म्हणतील, पोरीला सासरी बोलणी खावी लागतील. मी मुलीला बोलावलं आणि तिला विचारलं, कारण लग्न तिचं होतं. ती आत्याच्या हाताखाली वाढलेली. तिनं माझ्याकडे असं बघितलं की ते मी जन्मभर विसरणार नाही. "सांगा पप्पा," म्हणाली. "न्हाय सांगितलासा तर मी सांगते."

हळदीच्या दिवशी सकाळी आक्का नवीन लुगडं नेसून हळदीच्या खोलीत मधोमध बसली. बायकांची कुजबुज सुरू झाली. माझी चुलती, घरातली सगळ्यात थोरली, तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "ये गं बाई, मागं जरा भांडी बघतीस काय?"

"बघणार न्हाय," आक्का म्हणाली.

मी दारातच उभा होतो. पुरुषानं त्या खोलीत जायचं नसतं. मी गेलो. म्हणालो, "आक्काच्या पत्रिकेत दोष नाही. कुणी ज्योतिषानं तसं कधी सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो."

 काकीनंच सावरून घेतलं. "बरं, बरं. लहान हुतास. झालं गेलं. ये गं, तू पण लाव हळद."

"बावीस वर्षांचा लहान असतोय व्हय काकी?" आक्का जागची हलली नाही. "थांबा. पुरं सांगू दे त्याला. का बोललास ते सांग रं."

ते मी गाळलं होतं. तिच्या ध्यानात आलं होतं.

"मला मागावर बसायचं नव्हतं," मी म्हणालो. "आक्का सासरी गेली असती तर मला शिक्षण सोडून बसावं लागलं असतं. म्हणून तिला घरात ठेवून घेतली. वडिलांना ह्यातलं काही माहीत नव्हतं."

एक जण पुटपुटली, मुलीच्या हळदीत असलं बोलतात काय. आक्का तिच्याकडे वळली. "ही पोरगी नेसलीया ती हळदीची साडी कुणी विणली? मी. ती चालती तुम्हाला. पाच लग्नांत माझ्या हातच्या साड्या नेसून तुम्ही हळदी लावल्यासा. साडी चालती आणि हात चालत न्हाय. दोष काय सुताला लागत न्हवता?"

 पाटावर बसलेली माझी मुलगी म्हणाली, "आत्या, पहिल्यांदा तू लाव."

"सवाष्णीनं लावायची असती गं पहिली," काकी म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"मला आत्याची पायजे," मुलगी म्हणाली आणि गाल पुढे केला.

आक्का उठली. वाटीत हात घालताना माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं न्हवं सांगून? जा बाहेर आता. बायकांचं काम हाय."

मी बाहेर आलो. परसात चुलीवर घंगाळात न्हाणाचं पाणी तापत होतं आणि काका तिथं बसून लाकडं सारत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"समाधान झालं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग कशाला केलास? आता काय तिचं लग्न लावून देणार हायेस?"

"ते मला जमणार न्हाय काका. जमत होतं तेवढं केलं."

"व्याह्यांच्या कानावर गेलं म्हंजे?"

"जाऊ दे की. विचारलं तर मीच सांगतो त्यांना. कुणीही विचारू दे."

काकांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. आत बसलेल्यांनाही ऐकू जावं म्हणून मी ते मोठ्यानंच म्हटलं होतं. मी आक्काला माफ कर म्हटलेलं नाही, तेव्हाही नाही आणि आजवरही नाही. ते मागणं पुन्हा माझ्याचसाठी झालं असतं.

थोड्या वेळानं आक्का परसात आली. मनगटापर्यंत दोन्ही हात पिवळे. पाण्यात बोट घालून बघितलं आणि घंगाळाची एक कडी धरली. काका उठायला लागले, तिनं त्यांना मानेनंच बसवलं. दुसरी कडी मी धरली. भरलेलं घंगाळ जड होतं, पायऱ्या तीन होत्या, आणि आमची चाल जुळत नव्हती.

"सांडू नको," ती म्हणाली.